फाईल बाईच्या नावानं

जी बाई आत्ता हातात पिवळी फाईल घेऊन बाकावर बसली आहे आणि आपला नंबर यायची वाट बघते आहे, तिच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी माझं काही अडत नाही. गोड गोड अनुभव लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांना शेवटी मूल झालेलं असतं. मला झालं नाही, आणि मी रागातच लिहिते आहे.

माझं नाव रजनी. यवतमाळच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. घर लोहाऱ्याला. लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही म्हणून दवाखाना सुरू झाला आणि तो तीन वर्षं चालला. प्रमोद, माझा नवरा, आणि मी अजून एकाच घरात राहतो. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, म्हणजे ही सगळं सोडून गेलेल्या बाईची गोष्ट आहे असं वाटणार नाही.

त्या दिवशी

केंद्राच्या पाटीवर 'वंध्यत्व' हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत होता की रस्त्याच्या पलीकडून वाचता यावा. पलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्यात कायम माझे विद्यार्थी. आत शिरताना कोणी ओळखीचं बघत नाही ना, हे बघायची सवय पहिल्याच दिवशी लागली.

दोघांच्या तपासण्या झाल्या. आठवड्यानं रिपोर्टसाठी गेलो तेव्हा सासूबाईही सोबत होत्या. त्यांना घरी थांबा म्हणायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. तिथल्या नर्स, शेंडे सिस्टर, दारात आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर एकटे या." मला वाटलं पैशाअडक्याचं काही असेल. मी आणि सासूबाई बाकावर बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी प्रमोद बाहेर आला. चेहरा उतरलेला, डोळे लाल, हातात एक घडी घातलेली चिठ्ठी.

"काय मनलं डॉक्टरनं?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडं हाय. औषध-पानी करा लागन."

"पन कोनात हाय?"

प्रमोदनं चिठ्ठी उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. वरच्या ओळीत माझं नाव होतं. खाली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, दोष तीव्र स्वरूपाचा, टेस्ट ट्यूबचा सल्ला दिला आहे. प्रमोद तोंडानं काही बोलला नाही. त्यानं फक्त माझ्या नावावर बोट ठेवलं.

"मंजे हिच्यातच हाय. मले पयलेपासून वाटतच होतं," सासूबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी घेऊन आपल्या पिशवीत टाकली.

मला आधी जरा बरंच वाटलं, हे खरं सांगते. पाच वर्षं अंधारात चाचपडल्यावर काहीतरी कारण सापडलं होतं. मग लाज वाटली. इतकी लाज वाटली की परतताना ऑटोत मी प्रमोदचा हात धरून त्याची माफी मागितली.

"असू दे," तो म्हणाला. असू दे!

पोटावरचे निळे डाग

टेस्ट ट्यूब म्हणतात, पण सगळं घडतं ते बाईच्या अंगावर. सकाळी साडेसातला पोटात इंजेक्शन, नऊला वर्गात फळ्यासमोर. दिवसाआड सोनोग्राफी. पोटावर निळे डाग पडले, परकराची नाडी बांधताना डोळ्यांत पाणी यायचं. मग भूल देऊन अंडी काढायची, बाहेर गर्भ तयार झाला की तो आत सोडायचा, आणि पुढचे पंधरा दिवस शिंक आली तरी घाबरायचं. हे सगळं माझ्यावर होत होतं, म्हणून आजार माझाच आहे याबद्दल मला एकदाही शंका आली नाही. पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर तो आपलाच मोडला आहे, असंच कोणीही समजेल.

डॉक्टर बोलायचे नवऱ्यांशी. बायकांना फक्त 'रिलॅक्स' म्हणायचे. एकदा मात्र सोनोग्राफीचा पडदा बघताना म्हणाले, "अंडी मस्त आली आहेत, एक नंबर!" मी ढसाढसा रडले. औषधानं गुण आला, मी सुधारतेय, असं मला वाटलं. ती अंडी आधीपासूनच मस्त होती, हे सांगायची गरज त्या माणसाला वाटली नाही.

त्या दवाखान्यात एकच माणूस माणसासारखं होतं, शेंडे सिस्टर. इंजेक्शनची बाटली फ्रीजमधून काढली की त्या ती मुठीत धरून बसायच्या. "थंडं टोचलं का लय आग होते ताई, थांबा जरासक." बाहेर रांग लागलेली असली तरी मूठ सोडायच्या नाहीत.

घरी वेगळी औषधं चालू होती. सासूबाईंनी मला दर चतुर्थीला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला नेलं. देवाबद्दल तक्रार नाही. तक्रार वाटेतल्या एसटीबद्दल आहे, कारण शेजारी बसलेल्या कोणत्याही अनोळखी बाईला माझ्यातला दोष पहिल्या दहा मिनिटांत कळलेला असायचा. पाहुणे आले की पिशवीतून चिठ्ठी निघायची. माझं नाव मोठ्यानं वाचलं जायचं. मग पाहुण्यांमधली एखादी बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि मी तिच्यासाठी पोहे करायला आत जायची.

प्रमोद कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. बोंडं किडायची, भाव पडायचा, केंद्रं उशिरा उघडायची, आणि या सगळ्याचा राग ग्रेड देणाऱ्यावर निघायचा. संध्याकाळी तो केसांत सरकी-कापूस घेऊन घरी यायचा, कुणाशी बोलायचा नाही. त्याला घरी काही त्रास द्यायचा नाही, असा माझा मीच नियम केला होता. पहिली फेरी फसली तेव्हाही मी न्हाणीघराचं दार लावून रडले आणि मग त्याला गरम भाकरी वाढली.

दुसरी फेरीही फसली.

नाव टाकू

तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणता विषय शिकवता?" संख्याशास्त्र म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांना एका मेडिकल कॉलेजात प्राध्यापक व्हायचं होतं आणि त्यासाठी संशोधनाचे पेपर दाखवायचे होते. कपाटभर फाईली होत्या, पण त्यांतून आकडे काढून तक्ते करायला कोणी नव्हतं. "तुम्ही करा ना. तुमचं नाव टाकू."

नाव मलाही हवं होतं, ते लपवत नाही. आमच्या कॉलेजात त्या वर्षी बढतीचा नवा फॉर्म आला होता. कोणाच्या नावावर किती पेपर, नाव कितवं, त्यावर गुण. पहिल्या नावाला मोठा वाटा, उरलेला वाटा बाकीच्यांत. स्टाफरूममध्ये प्राध्यापक मंडळी नावांच्या क्रमावरून अशी भांडायची की वाटणीला बसलेले भाऊ बरे. काम कोणी केलं, असा रकाना मात्र त्या फॉर्ममध्ये कुठे नव्हता.

"कितवं नाव?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. "पक्क्या आहात! पहिलं माझं, दुसरं तुमचं."

कारण दोन

कॉलेज सुटलं की मी सोनोग्राफीच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची. शेंडे सिस्टर फाईल उघडून वाचायच्या, मी कॉम्प्युटरवर भरायची. नावं नकोत, फक्त फाईल नंबर, असं ठरलं होतं. वय, लग्नाची वर्षं, आणि मग 'कारण' नावाचा रकाना. एक म्हणजे बाई, दोन म्हणजे पुरुष, तीन म्हणजे दोघं, चार म्हणजे कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की दोन बरेच येत आहेत. बाकावर मात्र मी ज्या बायकांशी बोलले होते, त्या सगळ्या 'माझ्यातच आहे' म्हणणाऱ्या होत्या. सिस्टरना विचारलं, तर त्यांनी प्रयोगशाळेचं रजिस्टर पुढे केलं. त्यात नावाचा एकच रकाना होता, आणि त्यात बाईचं नाव. नवऱ्याच्या नमुन्याच्या बाटलीवर चिकटपट्टी बायकोच्या नावाची. रिपोर्टवर नाव बायकोचं. चिठ्ठीवर नाव बायकोचं.

"फाईल बाईच्या नावानं चालते ना ताई," सिस्टर म्हणाल्या. "मानूस येकडाव येते अन् जाते. बाई रोज येते."

मी मान डोलावली आणि पुढचा आकडा भरला. इतकी हुशार मी.

दोन दिवसांनी माझी फाईल आली. नंबर मला पाठ होता. सिस्टरनी वय वाचलं, वर्षं वाचली, म्हणाल्या, "कारण दोन." मी दोन भरला. पुढची फाईल घेतली. तीन फाईली झाल्यावर माझा हात थांबला.

"सिस्टर, मागची परत सांगा."

"कोनती?"

"माझी."

त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. आत एक रिपोर्ट होता. वर माझं नाव, आणि खाली अशा तपासणीचे आकडे जी कोणत्याही बाईची होऊच शकत नाही. त्यामागे मी सही केलेलं संमतिपत्र. कारणाच्या जागी, दोष पुरुषात असल्याचं सांगणारी, इंग्रजीतली दोन-तीन अक्षरं. मी ते वाचलंच नव्हतं. रकान्याचं डोकं वाचल्याशिवाय आकड्याला हात लावू नका, असं मी दर वर्षी मुलांना ओरडून सांगते, आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मी डोळे मिटून सही केली होती.

"तुमाले मालूम नाही?" सिस्टर घाबरल्या. "सायबांनी त्याच दिवशी तुमच्या मिस्टरले सांगतलं ना व. घरी तुमीच सांगा मने. म्याच पानी देल्लं त्याईले. लय रडले ते."

तो रडला हे ऐकून मला त्याची दया आली. मग त्या दयेचाच मला संताप आला.

म्हणून, बाकावरच्या बाई, तुला सांगते. फाईलमधला एकेक कागद काढ आणि विचार, ही तपासणी कोणाची? नाव बघू नको, नाव काय कोणाचंही लिहितात.

इथं नको

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खरेदी केंद्रावर गेले. बैलगाड्या, टेम्पो, दूरपर्यंत रांग. प्रमोद एका गाडीतून कापसाचा बोटभर पुंजका काढून दोन अंगठ्यांत ताणून बघत होता.

"नीट पाहा ना सायेब, पयल्या वेचनीचा हाय," गाडीवाला म्हणत होता.

"पाह्यला. धागा आखूड हाय," प्रमोद म्हणाला आणि चिठ्ठीवर ग्रेड लिहून मोकळा झाला. दुसऱ्याला कमी ठरवताना त्याचा हात अजिबात कापत नव्हता.

मी त्याला कडूनिंबाखाली बोलावलं आणि सांगितलं की मी फाईल वाचली. त्यानं आधी इकडे-तिकडे बघितलं.

"इथं नको."

"मंग कुठं? घरी, आईसमोर?"

"रजनी, लोकं मले रोज शिव्या देऊन राह्यले इथं. हे मालूम झालं तर मले इथं उभं राहू देतीन का? काय काय बोलतीन!"

"अन् मले जे बोलले तीन वर्सं?"

"तुले कोनी शिव्या तं नाही देल्ल्या ना."

तो हे मनापासून बोलत होता. मग तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी कधी खोटं बोललो का? तुझ्यात हाय मनून मी एकदा तरी मनलं का?"

नव्हतं म्हटलं. नुसतं बोट ठेवलं होतं.

कमी असणं हा काही गुन्हा नाही. त्यानं त्या दिवशी बाकावर येऊन मला सांगितलं असतं, तर मी त्याचा हात धरला असता, आणि इंजेक्शनंही घेतली असती, तेवढीच. मला त्याच्या शरीराचा राग नाही. माझ्या नावामागे तीन वर्षं आरामात बसून राहिला, त्याचा आहे. मी त्याला सांगितलं, तिसरी फेरी होणार नाही, आणि आईला हे तुम्ही सांगायचं, मी नाही. माझं तेवढंच मागणं होतं. दोष ज्याचा आहे त्याच्या तोंडून निघावा. तो हो म्हणाला, आणि हो म्हणून सहा महिने मूग गिळून बसला.

पेशंट लेखक कसा होईल

डॉक्टरांकडे गेले आणि चिठ्ठी दुरुस्त करून मागितली. "मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "ही पद्धत आहे. नवऱ्यांच्या नावानं लिहायला लागलो तर ते परत येणारच नाहीत. केस बंद पडते." केस म्हणजे मी.

तरीही नावाच्या आशेनं उरलेले तक्ते मी पूर्ण करून दिले. त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. पेपर छापून आल्याचं मला शेंडे सिस्टरकडून कळलं. पहिलं नाव डॉक्टरांचं. दुसरं त्यांच्या पत्नीचं, ज्या कातडीच्या डॉक्टर आहेत. तिसरं नागपूरच्या कोणा बड्या डॉक्टरांचं, ज्यांनी आमच्या केंद्राची पायरीही बघितली नव्हती. माझं कुठेच नाही. आतले तक्ते मात्र माझे. ओळींची जाडीसुद्धा मी ठरवलेली तशीच.

मी तडक गेले. ते शांतपणे म्हणाले, "टाकणारच होतो. पण नियम असतात. त्याच फाईलींमध्ये तुमचीही फाईल. पेशंट लेखक कसा होईल?"

"मग तुमच्या मिसेसनी त्यात काय केलं?"

"त्यांनी वाचून दिला."

मला हसू आलं. ज्या कागदावर माझं सगळं होतं, रक्त माझं, अंडी माझी, आकडेमोड माझी, तिथे माझं नाव नव्हतं. ज्या कागदावर माझं काहीही नव्हतं, त्याच्या मात्र डोक्यावर ठसठशीत नाव होतं. पेपरचं मी सोडून दिलं. फॉर्ममधला रकाना रिकामा गेला, बढती पुढे गेली. दुसऱ्या कागदाचं मी सोडणार नव्हते. निघताना माझ्या फाईलमधल्या रिपोर्टची प्रत मागितली. ती नाकारता येत नाही, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

रविवार

तिसरी फेरी होत नाही हे बघून सासूबाईंनी राजूरहून आपल्या भावाला बोलावून घेतलं. मामा कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, घरातले मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. रविवारी सकाळी सगळे पुढच्या खोलीत बसले. टीपॉयवर ती चिठ्ठी होती.

"सून चांगली हाय, नोकरीवाली हाय," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले. "भांडन कोनाचंच नाही. राजीखुशीनं सोडचिठ्ठी करू. पोराचं वय हाय अजून, त्याले दुसरं करून देऊ."

मी प्रमोदकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता. मी आत गेले, रिपोर्टची प्रत आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"वर माझं नाव हाय. तपासनी कोनाची हाय ते खाली लिहा, अन् सही करा."

"हे काय लावलं व हिनं?" सासूबाई म्हणाल्या.

प्रमोदनं कागद हातात घेतला. मग खिशातून पेन काढलं. एक ओळ लिहायला त्याला इतका वेळ लागला की मामांनी दोनदा खाकरून घेतलं. त्यानं सही केली आणि कागद माझ्याकडे धरला. मी हात पुढे केला नाही.

"मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचलं. ही तपासणी माझी आहे, दोष माझ्यात आहे, रजनीत काही नाही. खाली स्वतःचं नाव होतं, तेही त्यानं वाचलं, आडनावासकट.

आधी मामांना उमगलं. त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत लावला. "असं होत असते," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "त्यात काय? आता विज्ञान लय पुढं गेलं. नाही तं दत्तक घेता येते. नवरा-बायकोनं एकमेकाले संभाळून घ्या लागते."

"किती वाळला माहा पोरगा टेन्शननं," सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या. "मले तं सांगाचं ना रे बापा."

पाच मिनिटांपूर्वी दोष माझा होता तेव्हा उपाय तयार होता, सोडचिठ्ठीपर्यंत. तोच दोष खोलीत दोन हात सरकला, आणि सगळ्यांना समजूतदारपणा सुचला.

"मामा," मी म्हटलं, "मंग आता मले दुसरं करून द्या."

प्रमोदनं वर बघितलं, त्या सकाळी पहिल्यांदाच.

"लाज नाही वाटत तुले असं बोलाले?" सासूबाई ओरडल्या.

"वाटत होती, आई," मी म्हटलं. "तीन वर्सं वाटली. ती माही नोहोती."